खोक्यातला पेंग्विन आणि पहिली वेलांटी

माझ्या धाकट्या दिरांनी आजवर एकही वस्तू टाकून दिलेली नाही, आणि एकही वस्तू ती ज्या कामासाठी बनली त्या कामासाठी वापरलेली नाही. हे मी तुळशीपुढं उभी राहून सांगेन, कारण त्यांच्या दारातली तुळससुद्धा वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये लावलेली आहे. फाटकाला बेल नाही. तिथं सायकलला हवा भरायचा पायपंप पुरलाय आणि त्याच्या नळीच्या टोकाला कुकरची शिट्टी बसवलीय. आलेल्या माणसानं पाय मारायचा, आत शिट्टी वाजते. माझी जाऊ स्वयंपाकघरात शिट्ट्या मोजत असते. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करते, आणि मग कळतं की पोस्टमन फाटकावर तीनदा नाचून गेला आणि डाळ कच्चीच राहिली. देव्हाऱ्यात स्कूटरचा हेडलाइट आहे, त्यामुळं आमच्या कुलदैवताकडं डोळे मिटूनच बघावं लागतं. "ताई, आमच्यात फ्रिजसुद्धा जीव मुठीत धरून गार करतोय," असं जाऊ म्हणते. भाऊजींनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवला. कोणतंही यंत्र समोर आलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "हे आनि काय काय करू शकतंय?"

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजी नववीत होते. आमच्यात दीर कितीही लहान असला तरी त्याला अहो-जाहो करायची रीत, म्हणून अर्ध्या चड्डीतल्या त्या मुलाला मी पहिल्या दिवसापासून 'भाऊजी, तुम्ही' म्हणत आले. तिसऱ्या दिवशी बघते तर माझ्या मामानं दिलेला नवाकोरा ट्रान्झिस्टर चादरीवर सुटा होऊन पडलेला. माझ्या डोळ्यात पाणी आलं. भाऊजी शांतपणे म्हणाले, "वैनी, आतलं बगितल्याबिगार बाहेरचं खरं कसं मानायचं?" संध्याकाळी ट्रान्झिस्टर जोडला गेला, वाजायलाही लागला, आणि चादरीवर एक स्क्रू उरला. "त्यो कंपनीनं जादा घातलाय," असं सांगून त्यांनी तो एका बिस्किटाच्या डब्यात टाकला. त्यानंतर आमच्या घरातलं, गल्लीतलं, पाहुण्यारावळ्यांचं जे जे त्यांनी दुरुस्त केलं, त्यातल्या प्रत्येकातला एक एक स्क्रू त्या डब्यात आहे. डबा आता दोन हातांनी उचलावा लागतो, आणि कंपन्या इतक्या उदार का असतात याचं उत्तर त्यांनी मला अजून दिलेलं नाही.

सासूबाई माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या. घरात सासरे, आमचे हे, आणि हे स्क्रूवाले भाऊजी. तिघांचं जेवण म्हणजे ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्यानं डब्यात हात घालायचा. भाऊजींना तर यंत्र हातात असलं की भूक कळायचीच नाही. मी ताट वाढून त्यावर दुसरं ताट पालथं घालायची आणि रागावून हाक मारायची. ते यायचे, एका हातात पाना धरून दुसऱ्या हातानं जेवायचे आणि ताट स्वतः घासून ठेवायचे. ते घासताना एकदा त्यांनी नळही खोलून बघितला होता, ती हकीकत मी सांगत नाही.

दहावीला त्यांचं मराठी मी घेतलं. मी पुढं पस्तीस वर्षं कोडोलीच्या शाळेत मराठी शिकवलं, पण इतका चिवट विद्यार्थी मला पुन्हा भेटला नाही. 'माझा आवडता प्राणी' यावर त्यांनी डिझेल इंजिनावर चार पानं निबंध लिहिला. मी कपाळाला हात लावला तर म्हणाले, "खातंय, पितंय, धूर सोडतंय, मधनंच रुसतंय. आनि कसा असतोय प्राणी?" पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांत त्यांनी कधीच भेदभाव केला नाही. हाताला जी लागेल ती ते लावायचे. मी लाल पेनानं गोल करायची आणि ते म्हणायचे, "वैनी, मानूस वळखू येतोय न्हवं? मग टोपी कुठल्या बाजूला हाय ते कशाला बगायचं?" काठावर पास झाले, आणि पेढे मात्र मला आणून दिले.

आता त्या खोक्याविषयी. भाऊजींचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा कॉलेजातला गेम खेळायचा खोका माळ्यावर राहिला. टीव्हीला जोडायचा आणि त्यावर मोटारी पळवायच्या, एवढंच त्याचं काम. कंपनीनं त्याला केव्हाच निवृत्त केलं होतं. भाऊजीही नुकतेच निवृत्त झालेले. दोन निवृत्तांची माळ्यावर गाठ पडली, आणि महिन्याभरात भाऊजींनी त्या खोक्यात लिनक्स घातलं. म्हणजे काय घातलं, ते मला आधी कळलं नाही. मी विचारलं तर त्यांनी माझ्याच स्वयंपाकघरात बसून मला उलटतपासणीला घेतलं.

"तुमच्या चटणीचं माप तुमी कुणालाबी सांगता का न्हाय?"

"सांगते की. त्यात लपवायचं काय?"

"आनि त्या बाईनं तुमच्या मापात धनं वाईच जादा घातलं, तर भांडाय जाता?"

"मी कशाला भांडू? तिच्या घरची चटणी."

"आनि तिची जादा चांगली झाली तर?"

"तर पुढच्या साली मीही घालीन."

"झालं की मग! हीच ती शिस्टीम. जगातल्या लोकांनी मिळून कुटलेली चटणी हाय ही. कुणीबी घ्यावी, माप बगावं, बदलावी. अट एकच. घेतलं तर कायतरी परत घालायचं."

मी आयुष्यभर डंकावर उभी राहून चटणी कुटून घेतली, पण मी जगाच्या इतकी पुढं आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी मला खोका सुरू करून दाखवला. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, म्हणून त्यावर पत्र्याचं धुराडं बसवलेलं. टीव्हीच्या कोपऱ्यात त्या शिस्टीमचं चिन्ह म्हणून एक पक्षी आला. "हे बदक कशाला?" असं मी विचारलं, तर भाऊजी आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते. तो पेंग्विन होता.

हे सगळं ते शिकले कुठून, तर इंटरनेटवरच्या एका मंडळातून. जगभरातली रिकामटेकडी विद्वान माणसं तिथं जुन्या खोक्यांवर चर्चा करतात. भाऊजींचं इंग्रजी लेथपुरतं. पण अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे आधी 'पावणं', म्हणजे पाहुणे, म्हणायचं, हे कोल्हापूरचं वळण काही सुटलं नाही. इंग्रजी अक्षरांत 'पावणं' लिहायचं, स्वल्पविराम द्यायचा आणि मग प्रश्न विचारायचा. तिकडच्या लोकांना वाटलं, हे या गृहस्थांचं नाव. ब्राझीलचा एक जण उत्तर द्यायचा, "प्रिय पावणं". भाऊजींना वाटलं, वा, किती लवकर शिकला! त्यांनी परत त्याला 'पावणं' म्हटलं, त्यानं यांना म्हटलं, आणि दोन वर्षांत भाऊजी साऱ्या जगात 'पावणं' म्हणून प्रसिद्ध झाले. घोटाळा लक्षात आला तेव्हा फार उशीर झाला होता. मग त्यांनी खोक्यातही आपलं नाव तेच ठेवलं. खोका सुरू केला की पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायचं, "या पावणं." मी एकदा चिडून म्हटलं, "मी या घरात आले तेव्हा तुम्ही अर्ध्या चड्डीत होता, आणि मला पावणं म्हणता?" तर म्हणाले, "तुमास्नी न्हाय ओ वैनी. तिथं पावणं म्हंजे मीच की!"

या सगळ्याची मी मनसोक्त चेष्टा केली, हे कबूल करते. आमच्या ह्यांना मी सांगायची, "तुमच्या भावानं बदक पाळलंय." आणि मग ती वेळ आली.

कोडोलीला शाळेत असताना मी एक नाद लावून घेतला होता. पोरांच्या तोंडी असे शब्द यायचे जे पुस्तकात नव्हते. मी ते टिपायला लागले, मग पोरांच्या घरी जायला लागले. शाळा सुटल्यावर कुणाच्या परड्यात, कुणाच्या चुलीपाशी बसायचं. कोरड्यास म्हणजे कालवण, माळवं म्हणजे भाजीपाला, कडुसं म्हणजे तिन्हीसांज, येरवाळी म्हणजे लवकर, बयाजवार म्हणजे नीटनेटकं. बायका हसायच्या, "बाई, ह्ये काय लिवून घ्यायचं असतंय व्हय?" पण सांगायच्या. प्रत्येक शब्दापुढं मी अर्थ लिहायची, एक वाक्य लिहायची, आणि शेवटच्या रकान्यात 'शब्द दिला' असं लिहून त्या बाईचं नाव. पाटलांच्या वहिनी, कुंभारांच्या वहिनी, गिरणीवाल्या वहिनी. त्यांनी मला शब्द दिले आणि मीही त्यांना शब्द दिला होता, की हे पुस्तकात छापीन, तुमच्या नावासकट. वर्षानुवर्षं वह्या भरल्या. मग जुन्या कॉम्प्युटरवर रोज थोडं थोडं करून सगळं टाईप केलं. निवृत्त झाले, पुस्तक उद्या करू, परवा करू करत राहिले. पुराचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी खालच्या फळीवरच्या सगळ्या वह्यांचा लगदा झाला. मी म्हटलं, असू दे, कॉम्प्युटरमध्ये आहे. गेल्या वर्षी तो कॉम्प्युटर सुरू करायला गेले, तर त्यानं एकदा कण्हून डोळे मिटले ते मिटलेच.

त्या शब्द देणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक बायका आता नाहीत. त्यांचे फोटोही कुठं असतील-नसतील, पण त्यांचा एक एक शब्द माझ्याकडं ठेवायला दिलेला होता, आणि तो मी आळसानं घालवला होता. दुकानदारानं आतली डिस्क काढून दिली आणि म्हणाला, "जुनी आहे मॅडम, सोडून द्या." मी ती माझ्या लेकीनं दिलेल्या नव्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपनं अदबीनं विचारलं, ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? मला वाटलं, वाचण्यासाठीच काहीतरी करत असेल बिचारा. मी 'हो' वर बोट नेलं, आणि दारातून आरोळी आली, "वैनी! हात लावू नगा!"

भाऊजी कुठल्याशा पान्यासाठी आले होते. त्यांनी धावत येऊन वायरच उपटली. मग खुर्चीत बसले आणि घाम पुसत म्हणाले, "फारमॅट म्हंजे काय ठावं हाय का? पाटी पुसून कोरी करतंय त्ये." एक बोट खाली गेलं असतं, तर अख्खी कोडोली पुसली गेली असती. मी शिक्षिका, पण त्या दिवशी मी पोरीसारखी हुंदके देऊन रडले. भाऊजींना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते येत नाही, कारण त्याला स्क्रू नसतात. ते डिस्क रुमालात गुंडाळत एवढंच म्हणाले, "तुमचा लॅपटॉप श्रीमंताचा हाय, त्याला म्हाताऱ्या मानसाचं बोलनं ऐकाय येळ न्हाय. माझा खोका बगा, ऐकतोय का न्हाय."

आणि खोका ऐकत बसला. चार दिवस. जिथं वाचता येईना तिथं दमानं परत जाऊन, उलट्या बाजूनं येऊन, कण कण करून त्यानं डिस्क वाचली. पत्र्याच्या धुराड्यातून इतकी ऊब यायची की जावेनं त्यावर सांडगे वाळवले. चौथ्या दिवशी दुपारी फोन आला, "वैनी, घावली!" मी रिक्षा करून गेले, पायपंपावर नाचले, आत जाऊन टीव्हीपुढं बसले. फाईल उघडली. पडद्यावर डोक्याला टोपडी घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन. मराठीचं एक अक्षर नाही.

आमच्या पिढीनं मराठी ज्या जुन्या फॉन्टात टाईप केली, तो फॉन्ट हे एक सोंग होतं. आत इंग्रजी खुणाच, वरून फक्त मराठी मुखवटा. मुखवटा गेला की असं होतं. कुणीही म्हणालं असतं, परत टाईप करा. पण कशावरून करू? भाऊजी मात्र खूश झाले. "म्हंजे आतलं शाबूत हाय! नुस्तं बाहेरचं गेलंय." त्यांनी मला वहीत तक्ता करायला बसवलं. टोपीवाला ओ म्हणजे आपला कोण, शेपटीवाला सी म्हणजे कोण. मी आठवून सांगायची, ते खोक्याला शिकवायचे. आठ दिवसांनी पडद्यावर मराठी आली, आणि मी ती वाचून पुन्हा कपाळाला हात लावला.

रविवारचा रिववार झाला होता. वर्षाचा रफार एक घर पुढं जाऊन बसला होता. जित्राब, म्हणजे जनावर, या शब्दाची पहिली वेलांटी तर शब्दाच्या बाहेरच उभी होती. "जित्राबच त्ये, दावं तोडनारच," भाऊजी म्हणाले. आणि शेवटच्या रकान्यात खालपासून वरपर्यंत पाटलांच्या विहनी, कुंभारांच्या विहनी, गिरणीवाल्या विहनी. सगळ्या गावाशी माझी सोयरीक जुळलेली. कारण असं, की पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो आणि वाचतो नंतर. जुना फॉन्ट ती हातानं काढतात तशी आधी साठवायचा, नव्याला ती नंतर लागते. भाऊजींनी हे मंडळावर मांडलं. ब्राझीलच्या पावण्यानं आश्चर्यानं विचारलं, जे आधी लिहिता ते नंतर का वाचता? भाऊजींनी उत्तर दिलं, "आमच्याकडं असंच हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हणून मी जल्मभर 'वैनी' म्हंतो. पहिली वेलांटीच न्हाय, तर चुकनार कशी?"

पुढचे दोन महिने आम्ही दोघं रोज दुपारी त्या टीव्हीपुढं भांडलो. ज्या माणसाला मी नववी-दहावीत वेलांटी शिकवू शकले नाही, तो साठाव्या वर्षी मला विचारत होता, "जोडाक्षर आलं की वेलांटी कुठल्या अक्षरावर बसती? पहिल्या का दुसऱ्या?" मी सांगायची, जोडाक्षर सगळं मिळून एक. ते मान डोलवायचे, "बरोबर, वेल्डिंग केलं की दोन पीस न्हाईत ऱ्हात." रफाराला त्यांनी 'माकड' असं नाव ठेवलं, कारण ते कुणाच्याही डोक्यावर जाऊन बसतं. तरीही काही शब्द कुठल्याच नियमात बसेनात. ते शोधायला त्यांनी एकट्यानं, भिंग घेऊन, सगळा कोश एक एक शब्द करून तपासला. साडेतीन हजारांवर शब्द. जाऊ सांगते, जेवायला हाक मारली की म्हणायचे, "थांब, कुंभारांच्या वैनी ऱ्हायल्यात." त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, हे मला तिनं नंतर सांगितलं.

गेल्या महिन्यात भाऊजी खोका पिशवीत घालून आमच्या घरी आले. मुलगा पुण्याला बोलावतोय. गुडघे कुरकुरतात, डोळ्याचंही करून घ्यायचंय, जाऊ तयारीला लागलीय. "तिथं फ्लॅटात धुराडं चालनार न्हाय. ह्यो तुमच्याकडं असूदे," म्हणाले, आमच्या टीव्हीला वायरी जोडल्या, ताट झाकून ठेवलं होतं ते जेवले, ताट घासलं आणि गेले. स्क्रूचा डबाही ठेवून गेले. तो मी हलवू शकत नाही, म्हणून जिथं ठेवला तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी शेवटची तपासणी करायला बसले. पेंग्विन आला, "या पावणं" आलं. लाल पेन घेऊन बसायची सवय, म्हणून मी डोळे बारीक करून वाचत होते. अक्षरक्रमानं 'व' पर्यंत आले. वेसण बरोबर होतं. त्याच्या पुढं वैरण यायला हवं होतं. पण मध्ये एक शब्द होता, जो मी कधी लिहिला नव्हता.

'वैनी. अर्थ: आई न्हाय म्हणून घर थांबू देत न्हाय ती. वाक्य: वैनीनं ताट झाकून ठेवलंय. शब्द दिला: पावणं.'

घेतलं तर कायतरी परत घालायचं, ही त्यांची अट. ती ओळ मी पुन्हा पहिल्यापासून वाचली. आमचे हे येऊन विचारून गेले, काय झालं, बदक रुसलं का? पंचेचाळीस वर्षांत या माणसानं मला कधी 'बरं केलंत' असंसुद्धा म्हटलं नव्हतं, आणि मी समजत होते की त्यांना मराठी येत नाही.

मग सवयीनं हात पुढं गेला. अर्थाच्या रकान्यात 'न्हाय' चालत नाही, तिथं प्रमाण मराठीच हवी, हा नियम मीच केलेला. तो शब्द मी तसाच ठेवला. 'वैनी' चं 'वहिनी' केलं नाही. एवढ्या मोठ्या कोशात मी एकच दुरुस्ती केली, शेवटच्या रकान्यात. तिथलं 'पावणं' खोडलं आणि लिहिलं, 'घरचा माणूस'.